मराठवाड्यातील कापूस व्यापार (निजामकाळ)

हैदराबाद संस्थानाच्या मराठी मुलखातून मुंबईमार्गे विलायतेला जाणाऱ्या कापसाचा व्यापार आणि त्यामागची कर्जाची साखळी. मराठवाड्यावर इंग्रजांचे थेट राज्य नव्हते, म्हणून वासाहतिक व्यापाराच्या इतिहासात त्याला बहुधा जागा मिळत नाही. हा अन्याय आहे. इथला कुणबी त्याच बाजाराला बांधलेला होता.

कंटिंजंट फौजेच्या (इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, पण निजामाच्या खर्चाने पोसलेली फौज) खर्चाची बाकी थकली आणि 1853च्या तहाने निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली करावा लागला. नळदुर्ग 1860मध्ये परत मिळाले. कापसाचे वऱ्हाड इंग्रजांनी सोडले नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईत भाव कडाडले. युद्ध संपताच ते कोसळले. तेजीत काढलेली कर्जे तशीच अंगावर राहिली.

फास खरा बाजारात आवळला जाई. सावकार पीक शेतात उभे असतानाच भाव ठरवून उचल देई. पेठेत अडत्या (शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल) आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे धरून सौदा करत. स्वतःच्या मालाचा भाव शेजारी उभ्या शेतकऱ्याला दिसत नसे. मग अडत (दलाली), हमाली, तोलाई, कडता (वजनातली सूट), धर्मादाय (दानधर्माच्या नावाची कपात) वजा होई. त्यात नाण्याची अडचण: संस्थानात हाली सिक्का म्हणजे निजामाचा रुपया चाले, मुंबईचा हिशेब कलदार म्हणजे इंग्रजी रुपयात. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. मधला बट्टा (नाणे बदलताना येणारी तूट) अडाण्याच्या माथी.

1875 साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर कर्जदार शेतकऱ्यांना संरक्षण देणारा 1879चा कायदा आला, पण तो इंग्रजी हद्दीपुरता. नगर जिल्ह्याची शीव ओलांडून बीडमध्ये आले की तेच पीक, तसाच सावकार, मात्र त्या कायद्याचा आधार नाही.

1900च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मीटरगेज रेल्वे झाली. जालना, सेलू, परभणी, नांदेड इथे जिनिंग-प्रेसिंगचे (यंत्राने सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचे) कारखाने वाढले. त्याच वेळी 1899–1900चा दुष्काळ पडला. ज्या रानात ज्वारीऐवजी कापूस होता, तिथल्या घरच्या पेवात (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात) धान्य कुठून असणार? कापूस खाता येत नाही, आणि महाग झालेली ज्वारी विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. हाताने सरकी काढणाऱ्या बायकांची घरबसली मजुरीही यंत्रांनी नेली. कारखान्यात काम मिळे ते हंगामापुरते.