काळी बिअर जास्त चढते?

'बिअर जितकी काळी, तितकी कडक.' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं साहजिकही आहे, गडद रंग दिसला की जीभ आधीच जड चव गृहीत धरते.

पण रंग येतो माल्टमधून. बार्लीला मोड आणून ती वाळवतात, तेच माल्ट. उष्णता कमी असेल तर दाणा फिकट राहतो, वाढवली की तांबूस, आणखी भाजला की कॉफीसारखा काळा. असे मूठभर काळे दाणेही अख्खं पिंप रंगवतात. अल्कोहोल मात्र यीस्ट साखर खातं त्यातून तयार होतं. म्हणजे किती चढणार हे ठरतं साखर किती होती आणि त्यातली किती आंबली यावर. चहाचा रंग बघून साखर किती घातलीय ते कळतं का? तसंच.

म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट घ्या. 1810 पासूनचा हा उत्सव. तिथल्या तंबूंत आज मिळणारी बिअर सोनेरी, दिसायला अगदी निरुपद्रवी, पण साधारण 6 टक्क्यांची, आणि पेला असतो एक लिटरचा! उत्सवाची जुनी तांबूस मेर्त्सन साधारण तेवढीच. उलट त्याच शहरातली गडद तपकिरी डुंकेल बहुधा 5 टक्क्यांच्या आसपास, आणि आयर्लंडची काळीकुट्ट स्टाउट तर बऱ्याचदा सव्वाचार.

पडताळायचं असेल तर बाटलीच्या लेबलावर अल्कोहोलची टक्केवारी छापलेली असते, ती वाचा. किंवा मित्राला डोळे मिटून दोन घोट प्यायला द्या आणि काळी कोणती ते विचारा. भाजल्याचा वास ओळखेल, टक्के सांगता येणार नाहीत.