मंत्राने विंचू उतरतो, पण कोणता?

कोकणात लाकडांच्या ढिगातून, कौलांच्या फटीतून नाहीतर पेंढा ओढताना विंचू निघणं नवीन नाही. नांगी बसली की कळ बोटातून काखेपर्यंत चढते, माणूस अक्षरशः लोळतो आणि घरातलं कुणीतरी विंचू उतरवणाऱ्याकडे धावतं. तो येतो, काहीबाही पुटपुटत खांद्याकडून बोटांकडे हात फिरवतो आणि मधेमधे विचारतो, “आता कुठवर आलाय?” कोपरापर्यंत आला, मनगटापर्यंत आला, असं करत कळ बोटापुरती उरते. ज्यांनी हे अनुभवलंय ते शपथेवर सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

यातला काही भाग नुसत्या वेळेचा आहे. बहुतेक विंचवांच्या दंशाची वेदना काही तासांत आपसूक ओसरते. मांत्रिकाला शोधून आणेपर्यंत कळ बरीचशी उताराला लागलेली असते आणि श्रेय त्याच्या खात्यात पडतं. व्हायरल तापात तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलला आणि चौथ्या दिवशी ताप गेला, की नव्या डॉक्टरांच्या हाताला गुण असल्याचं आपण म्हणतो, तोच हा प्रकार. पण हे सगळं वजा केलं तरी काहीतरी उरतं. औषध नसतानाही, उपचार होतोय या भरवशानेच बरं वाटतं, त्याला वैद्यकात प्लासिबो परिणाम म्हणतात.

हा परिणाम म्हणजे ‘मनाचे खेळ’ असं समजण्याची सोय १९७८ साली संपली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. वेदनाशामक असू शकेल असं सांगून औषध नसलेलं इंजेक्शन दिलं, तरी काहींचं दुखणं कमी झालं. मग नॅलोक्सोन दिलं. मॉर्फिन शरीरात जिथे जाऊन बसतं ती जागा नॅलोक्सोन अडवतं. अफूजन्य औषधांची विषबाधा झाली की ते उतारा म्हणून देतात. ते दिल्यावर ज्यांना आराम पडला होता त्यांची जखम पुन्हा ठणकू लागली. आता, शिरेत मॉर्फिन गेलेलंच नसताना त्याचा उतारा लागू का पडावा? कारण आराम पडेल या भरवशावर मेंदूने स्वतःचीच मॉर्फिनसारखी रसायनं, म्हणजे एंडॉर्फिन्स, सोडली होती. पुढे असे आणखी मार्ग सापडले. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांमध्ये तर या आजारात कमी पडणारं डोपामिन हे रसायन निव्वळ औषधाच्या अपेक्षेने मेंदूत सुटतं, हे २००१ मध्ये स्कॅनवर दिसलं.

इटलीत तुरिनच्या फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. त्यांनी खरं औषध घेतलं आणि विश्वास काढून टाकला. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना डॉक्टरांनी समोर उभं राहून, सांगून वेदनाशामक दिलं; काहींना तेच औषध पडद्याआडच्या पंपातून गुपचूप दिलं. गुपचूप दिलेल्या औषधाचा परिणाम कमी झाला. चिंता कमी करणारं डायझेपाम तर रुग्णाला न कळता दिलं तेव्हा जवळपास निष्प्रभ ठरलं. आपण औषधाचे पैसे मोजतो तेव्हा त्यातला काही हिस्सा देणाऱ्याच्या बोलण्याचा असतो. दोन मिनिटांत चिठ्ठी खरडून पुढचा पेशंट बोलावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मग मांत्रिकावर राग कशासाठी? लाल विंचवासाठी.

काळा विंचू दिसायला मोठा आणि भीतीदायक, पण त्याचं विष सौम्य. जीवघेणा असतो तो त्याच्यापेक्षा लहान, तांबूस विंचू. त्याच्या विषाने मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा उघड्याच राहतात, शरीरात अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकून फुप्फुसात पाणी भरतं. भरपूर घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय ही त्याची लक्षणं. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण, त्यातही लहान मुलं, डोळ्यांदेखत जाताना पाहिली. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी या दंशावर वापरली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आत आलं. एंडॉर्फिनने कळ थांबते, आवळलेली रक्तवाहिनी सुटत नाही. मांत्रिकापाशी गेलेला एखादा तास इथे जिवावर बेतू शकतो, आणि कळ कमी झाल्यामुळे घरचे मात्र निर्धास्त असतात.

नेमकी हीच फसगत बॉस्टनमध्ये दम्याच्या रुग्णांवर मोजली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३९ रुग्णांना आळीपाळीने खरा इन्हेलर (आपल्याकडचं साल्ब्युटामॉल), औषध नसलेला इन्हेलर, खोटं अॅक्युपंक्चर आणि काहीच नाही, असं देऊन पाहिलं. एका सेकंदात जोराने किती हवा बाहेर फुंकता येते, ते यंत्राने मोजलं. खऱ्या औषधाने त्यात २० टक्के वाढ झाली, बाकी तिन्हींमध्ये सातच टक्के. नंतर रुग्णांना विचारलं, किती बरं वाटतंय? खऱ्या इन्हेलरनंतर त्यांनी सांगितलेली सुधारणा ५० टक्के, खोट्यानंतर ४५, खोट्या सुयांनंतर ४६ आणि काहीच न दिल्यावर २१. म्हणजे श्वासनळ्या आवळलेल्याच, आणि माणूस सांगतोय की मोकळं वाटतंय. दम्याचा झटका वाढत असताना असं वाटणं किती धोक्याचं आहे, हे दमेकऱ्याच्या घरच्यांना सांगायला नको.

म्हणून ‘विश्वास ठेवा, सगळं बरं होईल’ हा प्रचार मला पटत नाही, आणि ‘प्लासिबो म्हणजे थोतांड’ हेही नाही. वेदना, मळमळ, थकवा, धास्ती या मेंदूत घडणाऱ्या गोष्टी. तिथे प्लासिबोचं चालतं. अंगात त्राण नाही म्हणून “डॉक्टर, एक सलाईन लावाच” असा हट्ट धरणाऱ्याला तरतरी येते ती तिथूनच. ज्याला तोंडाने पाणी पिता येतं, त्याला अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं साडेचार ग्रॅम मीठ काय ताकद देणार?

बरं, त्यासाठी फसवावंच लागतं असंही नाही. अमेरिकेतले प्लासिबो-संशोधक टेड कॅपचक यांच्या गटाने २०१० मध्ये आतड्यांच्या जुनाट त्रासाच्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना गोळ्या देताना स्पष्ट सांगितलं, यात औषध नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं. गोळी न घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी.

विश्वास जसा उतरवतो तसा चढवतोही. त्रास होईल या धास्तीनेच त्रास होतो, त्याला नोसिबो म्हणतात, आणि रोजच्या जगण्यात त्याची गाठ जास्त पडते: गोळीच्या पाकिटातला कागद वाचला की दुपारपर्यंत त्यातली दोन लक्षणं हजर! कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी अंग दुखतं म्हणून अनेकजण त्या सोडतात. लंडनमध्ये अशाच ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार खोट्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनला १६.३ आणि खोट्या गोळीला १५.४. त्रास खरा होता, पण त्याचं मूळ बहुतांशी गोळी घेण्यात होतं, स्टॅटिनमध्ये नाही. प्रत्येकाला त्याचे स्वतःचे आकडे दाखवले. सहा महिन्यांनी पाहिलं तर ६० पैकी ३० जण पुन्हा स्टॅटिन घेत होते.