गवताच्या पोटातली बुरशी

निरोगी झाडाच्या आत सूक्ष्मजीव नसतातच, आणि असले तर ते झाड आजारी, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात पक्की होती. आंटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये झाडाच्या आत राहणाऱ्या जीवांसाठी ‘एंडोफाइट’ हा शब्द वापरला, तेव्हा त्याच्या नजरेसमोर मुख्यतः रोग पाडणाऱ्या बुरशीच होत्या. १८८७ मध्ये फ्रान्समध्ये व्हिक्टर गालिप यांनी भाज्यांच्या आतल्या गरात जिवाणू सापडल्याचं सांगितलं. पण पाश्चर यांच्या प्रभावाखालच्या मंडळींना ते पटलं नाही. १८९८ मध्ये फोगल यांना डार्नेल या विषारी तणाच्या बियांत बुरशीचे तंतू दिसले. दाणा बाहेरून ठणठणीत, आत बुरशीचा थर. मूठभर अभ्यासक सोडले तर पुढची पाऊणशे वर्षं या नोंदीने कुणाची झोप उडाली नाही.

झोप उडाली ती जनावरांमुळे. आतले सूक्ष्मजीव झाडाचं संरक्षणही करतात, ही गोष्ट पुढे सरकली ती गोठ्याच्या बाजूने, हे मला या इतिहासातलं सगळ्यात मजेशीर वळण वाटतं.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९३१ मध्ये एका डोंगरउतारावर ‘टॉल फेस्क्यू’ गवताचा एक वाण नजरेत भरला. १९४३ मध्ये तो ‘केंटकी-३१’ नावाने शेतकऱ्यांकडे गेला. दुष्काळात तग धरणारं, किडीला दाद न देणारं, हलक्या जमिनीतही येणारं गवत. कुरणांमागून कुरणं त्याने भरली. फक्त त्यावर चरणारी गुरं नीट पोसेनात. उन्हाळ्यात धापा टाकत सावलीला किंवा पाण्यात उभी राहायची, दूध आटायचं, थंडीत काहींची खुरं सडून गळायची. गवताची रासायनिक तपासणी करून कारण हाती लागेना.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या संशोधकांनी आजारी आणि धडधाकट जनावरांची कुरणं शेजारी ठेवून पाहिली. गवत तेच. पण त्रास देणाऱ्या कुरणातल्या जवळजवळ प्रत्येक रोपात बुरशी होती, दुसऱ्या कुरणात ती फार कमी. बेकन आणि सहकाऱ्यांनी हे १९७७ मध्ये प्रसिद्ध केलं. ही बुरशी दिसते कशी? पानाच्या बुडाशी खोडाला वेढणारा जो पापुद्रा असतो, त्याच्या आतली साल हलकेच सोलायची, निळ्या रंगात बुडवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पेशींच्या ओळींमधून, त्यांना न भेदता, नागमोडी जाणारे निळे दोरे दिसतात. बाहेर एक ठिपका नाही, एक डाग नाही. बुरशी फुलोऱ्यात चढते, बियांत उतरते आणि पुढच्या पिढीत आपोआप पोचते. तिचं शास्त्रीय नाव मात्र इतक्यांदा बदललं की जुने लेख वाचताना चक्कर येते. सध्या ती ‘एपिक्लोई’ म्हणून ओळखली जाते.

उपाय सोपा वाटला. बी वर्ष-दोन वर्षं साध्या गोदामात ठेवलं की आतली बुरशी मरते आणि बी उगवतं. असं बुरशीमुक्त बी पेरलं, गुरं गुटगुटीत झाली. आणि गवत मरू लागलं. दुष्काळ सोसेना, किडी खाऊ लागल्या, जास्त चराई झाली की कुरण विरळ. केंटकी-३१ च्या कौतुकाचा मोठा वाटा त्या बुरशीचा होता, हे तिला काढून टाकल्यावर कळलं.

न्यूझीलंडमध्येही हेच, फक्त गवत वेगळं. तिथल्या रायग्रासवर चरून मेंढ्या थरथरत, झोकांड्या खात. १९८१ मध्ये त्याचा संबंध आतल्या बुरशीशी जोडला गेला. लगेच १९८२ मध्ये दुसरी बाजू उघडी पडली: बुरशी असलेल्या रायग्रासला अर्जेंटिनातून आलेला, खोड पोखरणारा सोंडकिडा फारसा शिवत नव्हता. मेंढ्यांना झोकांड्या देणारं रसायन लोलिट्रेम-बी, सोंडकिड्याला पळवणारं पेरामीन. बुरशी एकच, पण विषं वेगवेगळी. मग प्रश्न उरला तो पेरामीन करणारी पण लोलिट्रेम-बी न करणारी बुरशी हुडकण्याचा. जंगली गवतांतून तशी निवडली, कोवळ्या रोपाच्या वाढत्या कोंबाला बारीक चीर देऊन तिचे तंतू आत ठेवले, आणि २००१ च्या सुमारास ‘एआर-१’ नावाने ती बाजारात आली.

गवतातली बुरशी स्वतः विष बनवते. सूक्ष्मजीवांनी झाडाला वाचवण्याच्या इतर वाटा निराळ्या आहेत. १९९१ मध्ये कार्नेशन या फुलझाडावर दिसलं की विशिष्ट जिवाणू फक्त मुळांना दिले तरी खोडातला मर रोग कमी होतो. जिवाणू आणि रोगाची बुरशी यांची गाठही पडलेली नसते. झाडाचीच प्रतिकारशक्ती जागी होते. त्याच वर्षी मक्याच्या आत वस्ती केलेल्या बिव्हेरिया बॅसियाना बुरशीने खोडकिडीचं पोखरणं कमी केल्याचं नोंदलं गेलं. रेशीमकिड्यांना मारणारी म्हणून १८३५ पासून बदनाम असलेली हीच ती बुरशी. १९९३ मध्ये तर काकडीवर्गीय पिकांवर रोग पाडणारी कोलेटोट्रायकम बुरशी एका जनुकीय बदलाने निरुपद्रवी झाली आणि उलट त्याच रोगापासून रोपाला वाचवू लागली. चोर आणि पहारेकरी यांत अंतर एवढंसंच. २००३ मध्ये कोकोच्या पानांतल्या बुरशींनी फायटोप्थोरा या रोगकारक जीवाने होणारं नुकसान घटवल्याचं दिसलं, तर २०१९ मध्ये शुगर बीटच्या मुळांवर रोग चालून आल्यावर आतलेच काही जिवाणू वाढून त्याला अडवतात हे.

बाटलीतून शिंपडलेले सूक्ष्मजीव शेतात मात्र बेभरवशाचे ठरतात. माझ्या मते मोठं कारण जागेचं आहे: पान आधीच दुसऱ्यांनी व्यापलेलं असतं आणि बाहेरून आलेला पाहुणा टिकेलच असं नाही. गवतात बुरशी बियांतूनच येते, म्हणून तिथे जमलं. तिथेही एक गोम आहे. बुरशी बियाच्या आधी मरते. म्हणून असं बी थंड, कोरड्या जागी साठवावं लागतं आणि विक्रीआधी तपासणी दुहेरी: दाणा उगवतो का, आणि आतली बुरशी जिवंत आहे का.