मोटारीतील फ्यूज बॉक्स आणि विद्युत घटकांच्या जागा

मोटारीच्या वायरिंगचे रक्षण करणारे फ्यूज आणि जास्त करंट घेणाऱ्या भागांना चालू-बंद करणारे रिले जिथे एकत्र बसवलेले असतात, ती पेटी म्हणजे फ्यूज बॉक्स. बहुतेक गाड्यांत असे दोन बॉक्स असतात. बोनेटखाली बॅटरीजवळच्या बॉक्सवर रेडिएटर फॅन, हेडलाइट, हॉर्न, स्टार्टर यांचा भार असतो. डॅशबोर्डखालच्या बॉक्सवर म्युझिक सिस्टीम, वायपर, १२ व्होल्टचे सॉकेट. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हा दुसरा बॉक्स बऱ्याचदा चालकाच्या गुडघ्याजवळ सापडतो. काही मॉडेलांत तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो. नेमका नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. तो आधी पाहावा, मगच हात घालावा.

सोलापुरात ही माहिती सर्वांत जास्त उपयोगी पडते ती उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि एसी, ब्लोअर, रेडिएटर फॅन दिवसभर राबतात. पुणे रस्त्यावर वेगात असताना गाडी थंड, पण सात रस्ता चौकातल्या गर्दीत थांबताच तापमानाचा काटा वर चढू लागला, तर पहिला संशय फॅनवर घ्यावा. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फॅनच लागतो. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, बोनेटखालच्या बॉक्समधला फॅनचा फ्यूज तपासावा. तो शाबूत असेल तर रिले पाहावा. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल, तर दोन्हींची अदलाबदल करून दोष लगेच उघड होतो.

पात्यांच्या (दोन चपट्या धातूच्या पायांच्या, प्लास्टिकच्या) फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. पारदर्शक प्लास्टिकमधून आतली पट्टी दिसते. ती मध्येच तुटलेली असली की फ्यूज उडाला. पट्टी वितळून आतून काळे पडले असेल, तर बहुधा कुठेतरी शॉर्ट सर्किट आहे. टेस्ट लॅम्प (वीज आहे का ते दाखवणारा, टोकदार सुईचा छोटा दिवा) असेल तर फ्यूज उपसावाही लागत नाही: त्याची वायर बॉडीला जोडून फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांना सुई लावून पाहायची, एकाच टोकाला दिवा लागला तर फ्यूज गेला.

उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालण्याची सवय अत्यंत घातक आहे. मग फ्यूजऐवजी वायर तापते आणि गाडी पेट घेऊ शकते. नवा फ्यूज बसवताच पुन्हा उडाला, तर तिसरा घालत बसू नये. गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी.

सगळे फ्यूज ठीक असूनही दिवे मंद जळत किंवा लुकलुकत असतील, तर बॅटरीची टोके आणि अर्थिंग पाहावे. बॅटरीच्या ऋण टोकाची जाड वायर बॉडीला नटाने जोडलेली असते. त्या नटाखाली गंज धरला की दोष दिव्यात दिसतो. तो घासून, घट्ट आवळून घ्यावा. चालकाच्या पायाजवळ, डॅशबोर्डखाली १६ पिनांचे ओबीडी (गाडीतले दोष वाचण्याचे) सॉकेट असते. मेकॅनिक स्कॅनर तिथेच लावतो. त्या सॉकेटचा वीजपुरवठाही फ्यूजमधूनच येतो, म्हणून स्कॅनर मुकाच राहिला तर आधी तो फ्यूज तपासतात.