एन्क्रिप्टेड रिमोट बॅकअप (लिनक्स सर्व्हर)

एन्क्रिप्टेड रिमोट बॅकअप : लिनक्स सर्व्हरवरील माहिती त्याच सर्व्हरवर एन्क्रिप्ट करून (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलून) मग दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावर नियमितपणे पाठवण्याची पद्धत. प्रत ज्याच्या डिस्कवर राहते त्यालाही ती वाचता येत नाही. १९९६ पासून वापरात असलेले आरसिंक हे फाइलींची नक्कल पाठवणारे साधन एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून चालवले तर माहिती वाटेत सुरक्षित असते, पण पलीकडे ती उघडीच साठते. त्यामुळे नुसते आरसिंक या प्रकारात मोडत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत या पद्धतीची गरज मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान कार्यालयांना जास्त भासते. वागळे इस्टेटमधला कारखाना किंवा नौपाड्यातले सीएचे ऑफिस येथे अनेकदा एकच लिनक्स यंत्र असते आणि त्याच्या साम्बा शेअरवर (नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये) टॅलीचा सगळा डेटा असतो. कंपन्यांच्या हिशेबांपुरता हा विषय मर्जीचाही राहिलेला नाही. कंपनीची हिशेबवही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असेल तर तिचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो रोज घ्यावा लागतो. स्वस्त मिळते म्हणून केवळ युरोपातली जागा घेणाऱ्याने हे आधी पाहावे.

‘रिमोट’ म्हणजे किती दूर, हा या भागातला खरा प्रश्न आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरची दाटी आहे, त्यामुळे ठाण्याचा बॅकअप तिथे पाठवणे सोयीचे वाटते. पण ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याहून निघून दिघा गाव सोडले की ऐरोलीच येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ठाण्याचा परिसरही पाण्यात होता. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली. डेटा सेंटरला जनरेटर असतात, म्हणून तिथली प्रत जाईलच असे नाही. परंतु दोन्ही जागांवर एकच संकट येऊ शकते एवढे मान्य करावे लागते. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमधील ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात होते त्यांचे दोन्ही गेले. लवकर रिस्टोअर करण्यासाठी (बॅकअपमधून माहिती परत आणण्यासाठी) एक प्रत खाडीपलीकडे नवी मुंबईत आणि दुसरी हैदराबाद किंवा चेन्नईला, ही विभागणी शहाणपणाची.

या कामासाठी बोर्ग आणि रेस्टिक ही मुक्त साधने सर्वाधिक वापरली जातात. ड्युप्लिसिटी हे त्यांच्या आधीचे साधन जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामवर चालते, पण त्यात बदलांची साखळी लांबत जाते आणि मधली एक कडी खराब झाली की पुढचे रिस्टोअर होत नाही. २०१५ मध्ये अ‍ॅटिक या प्रकल्पातून फुटून निघालेला बोर्ग आणि गो भाषेतला रेस्टिक फाइलींचे तुकडे पाडतात, आधी पाठवलेला तुकडा पुन्हा पाठवत नाहीत आणि प्रत्येक तुकडा एईएस-२५६ या पद्धतीने एन्क्रिप्ट करतात. बोर्गला पलीकडच्या यंत्रावरही बोर्ग लागतो. रेस्टिकला एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली पाठवण्याची सोय) किंवा अ‍ॅमेझॉनच्या एस-३ या क्लाउड सेवेच्या धर्तीची साठवण पुरते. पलीकडचे यंत्र आपलेच असेल तर बोर्ग, भाड्याची साठवण असेल तर रेस्टिक, अशी निवड बहुधा बरोबर ठरते.

मांडणी फार अवघड नसते. ईटीसी (सेटिंग्ज), होम (वापरणाऱ्यांच्या फाइली) आणि वेबसाइटच्या डिरेक्टरी घ्यायच्या, प्रॉक आणि सिस या फक्त चालू यंत्राची स्थिती दाखवणाऱ्या डिरेक्टरी वगळायच्या. चालू डेटाबेसच्या फाइली मात्र तशाच उचलू नयेत. आधी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसचा डंप (एकसंध निर्यात-प्रत) काढावा आणि तो बॅकअपमध्ये घ्यावा. टॅलीचा डेटा सगळे घरी गेल्यावर घ्यावा. सिस्टमडी या लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या टायमरमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत) ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवले तर वीज गेल्याने हुकलेली वेळ यंत्र सुरू होताच भरून निघते. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर पहिल्या १०० जीबीला सुमारे ११ तास लागतात. पुढे रोज फक्त बदल जातो.

सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस त्याच सर्व्हरच्या एसएसएच-कीने (पलीकडे प्रवेश देणाऱ्या किल्लीच्या फाइलने) जुने बॅकअपही पुसू शकतो, याकडे सर्रास दुर्लक्ष होते. त्यासाठी पलीकडच्या यंत्रावर त्या कीला केवळ बोर्गची आज्ञा चालवण्याची मुभा देऊन ‘अपेंड-ओन्ली’ (फक्त भर घालता येईल असा प्रकार) लावतात. यातही एक मेख आहे. घुसखोर पुसण्याची आज्ञा तरीही देऊ शकतो, फक्त जुने तुकडे डिस्कवरून लगेच जात नाहीत. नंतर मालकाने बॅकअपची यादी न तपासता दुसऱ्या यंत्रावरून ‘कॉम्पॅक्ट’ ही जागा मोकळी करण्याची आज्ञा चालवली, तर ते कायमचे जातात.

किल्लीचा भाग सर्वांत नाजूक. बॅकअप आपोआप चालायचा तर पासफ्रेज (किल्ली उघडणारा लांब पासवर्ड) सर्व्हरवरच, फक्त रूटला (यंत्राच्या मुख्य खात्याला) वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे हे एन्क्रिप्शन सर्व्हरमध्ये घुसलेल्यापासून वाचवत नाही; ते साठवण देणाऱ्यापासून आणि चोरीला गेलेल्या डिस्कपासून वाचवते. बोर्गच्या ‘रेपोकी’ प्रकारात किल्ली पासफ्रेजच्या आड रिपॉझिटरीतच (बॅकअपच्या साठ्यातच) असते. ‘कीफाइल’ प्रकारात ती सर्व्हरवर राहते, आणि निर्यात केलेली प्रत नसेल तर सर्व्हर जळाल्यावर बॅकअप शाबूत असूनही उघडत नाही. तिजोरी वाचली, पण तिची किल्ली घरासोबत जळाल्यासारखे. बोर्ग ही किल्ली कागदावर छापण्याजोग्या रूपातही काढून देतो आणि तो कागद बँकेच्या लॉकरमध्ये राहू शकतो. रेस्टिकमध्ये एकाच रिपॉझिटरीला अनेक पासवर्ड देता येतात, म्हणून मालक आणि सर्व्हर बघणारा यांना वेगवेगळे द्यावेत. लहान कार्यालयांत पासफ्रेज बहुधा महिन्यातून एकदा येणाऱ्या बाहेरच्या माणसालाच ठाऊक असतो. ही व्यवस्था तो फोन उचलतो तोवरच टिकते.

बॅकअप चालतो आहे हे लॉगवरून (यंत्राच्या नोंदींवरून) कळते, उघडतो आहे हे कळत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामांचा कोड साठवणाऱ्या संकेतस्थळाच्या मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. तेव्हा लक्षात आले की डंपच्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नसल्याने नेहमीचे बॅकअप बनतच नव्हते आणि तसे कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. म्हणून बिघाडाचा निरोप मागण्यापेक्षा यशाचा निरोप रोज मागावा आणि तो आला नाही की चौकशी करावी. रेस्टिकला साठवलेल्या माहितीचा ठरावीक हिस्सा वाचून तपासायला सांगता येते; बोर्गची तपासणीही माहिती पडताळण्याच्या पर्यायासह चालवावी. तीन महिन्यांतून एकदा तरी रिकाम्या यंत्रावर पूर्ण रिस्टोअर करून टॅली उघडून पाहावे आणि लागलेला वेळ नोंदवून ठेवावा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून ५०० जीबी उतरायला सुमारे ११ तास लागतात, म्हणजे सकाळी दहाला सुरू केलेले काम रात्री नऊला संपते आणि ऑफिसचा तो दिवस गेलेला असतो.