लस नको असणं आणि लस न चालणं

'मला लस चालत नाही' असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांना ती चालत असते, फक्त नको असते. नको असणं समजावून सांगायची गरज नाही. भीती वाटते, भरवसा नाही, कंटाळा आला, कारण काहीही असो. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२च्या निकालात सांगितलंय की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधनं मात्र सरकार घालू शकतं.

लस न चालणं हा वैद्यकीय मामला, आणि त्यातली कारणं फार थोडी. आधीच्या डोसनंतर किंवा लशीतल्या एखाद्या घटकामुळे तीव्र अ‍ॅलर्जी होणं, हे त्यातलं मुख्य. म्हणजे घसा सुजतो, श्वास कोंडतो, बीपी कोसळतं. दंड दुखला, रात्रभर कणकण होती, ही अ‍ॅलर्जी नव्हे. दुसरं कारण जिवंत, पण कमजोर केलेल्या विषाणूंच्या लशींचं. गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत, केमो चालू असतानाही नाही. पण इथेच लोक घसरतात. 'चालत नाही' ते त्या एका लशीपुरतं, बहुतेकदा तेवढ्या काळापुरतं. त्याच गरोदर बाईला धनुर्वाताची लस आवर्जून देतात, फ्लूचं इंजेक्शनही चालतं. एक लस चालत नाही म्हणून सगळ्याच बाद, असं नसतं.

डायबेटिस, बीपी ही तर कारणंच नव्हेत. अशांनी फ्लूची लस उलट घ्यावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर नर्सला आधी सांगायचं आणि टोचल्यावर ती जागा जरा जास्त वेळ दाबून धरायची. बाळाचं नाक वाहतंय म्हणून नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस पुढे ढकलत राहण्याचंही कारण नाही. सणसणीत ताप असेल तर थांबतात, पण ते फक्त 'आज नको'.

माझं डोकं फिरतं ते 'डॉक्टरांनीच नको सांगितलंय' या वाक्याने. नेमकं काय म्हणाले, असं खोदून विचारलं की कळतं: "मी म्हटलं घेऊ का, तर म्हणाले बघा, तुमची इच्छा." मग केमो चालू असलेली एखादी वहिनी खरंच 'मला ही लस चालत नाही' म्हणाली, की तिचंही लोकांना निमित्तच वाटतं. आणि आजूबाजूच्यांनी लस घेण्यावर सगळ्यात जास्त भिस्त असते ती तिचीच.

त्यामुळे नको असेल तर 'माझं ठरलंय, मी घेणार नाही' एवढंच म्हणा. नातेवाइकांच्या ग्रुपवर आजार शोधत बसू नका. अशा वहिनीकडे जायचं असेल तर आधी फोन करून खरं सांगा, आणि ती 'सध्या नको येऊस' म्हणाली तर रुसू नका. खरंच चालत नसेल तर कुठली लस, का आणि कधीपर्यंत, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पीतज्वराची (यलो फीवरची) लस मागणाऱ्या देशात जाताना विमानतळावर असं पत्र विचारात घेतलं जातं. 'मला नको' म्हणून तिथे भागत नाही.