डोमच्या मागे कॅमेऱ्यालाही चाळिशी लागते

जमिनीवर झकास फोकस होणारी वाइड लेन्स डोम पोर्ट (कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ पेटीला पुढे लागणारी अर्धगोल काच) लावून पाण्यात नेली की कधीकधी काहीच धड दाखवत नाही. जवळचा मासा धूसर, लांबचा डायव्हर पण धूसर, आणि ऑटोफोकस बिचारा घर्र घर्र करत बसतो. मला पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी लेन्स बिघडली समजून दुकानात घेऊन गेलो, तिथे ती ठणठणीत चालली!

लोचा डोमचा असतो. सपाट काचेतून पाण्यातल्या वस्तू साधारण १.३३ पट मोठ्या दिसतात, म्हणजे वाइड लेन्सचा वाइडपणाच गेला, म्हणून आपण अर्धगोल डोम लावतो. पण बाहेर पाणी, आत हवा आणि मध्ये गोल काच, एवढ्यानेच तिथे आपोआप एक अंतर्गोल भिंग तयार होतं. त्यामुळे कॅमेऱ्याला खरा मासा दिसतच नाही, दिसते त्याची आभासी प्रतिमा, डोमच्या अगदी नाकासमोर. कितीही लांबची वस्तू घ्या, तिची प्रतिमा डोमच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतराच्या पलीकडे जात नाही. १० सेंमी त्रिज्येच्या डोमसमोर मासा १ मीटरवर असेल तर प्रतिमा साधारण २१ सेंमीवर, आणि पार लांबचा खडक ३० सेंमीवर. अख्खा समुद्र शाळेच्या फूटपट्टीत मावला की हो!

आता लेन्स डोमच्या केंद्राशी असते, म्हणजे तिच्यापासून ही प्रतिमा जास्तीत जास्त ४० सेंमीवर. तुमची लेन्स ५० सेंमीच्या अलीकडे फोकसच होत नसेल तर संपलंच. मग पुढे क्लोज-अप लेन्स लावायची, म्हणजे थोडक्यात कॅमेऱ्याला चाळिशीचा चष्मा, नंबरसुद्धा चष्म्यासारखाच, डायऑप्टरमध्ये.

आणि इथेच लोक जास्त नंबर लावून फसतात. +२ लावली की लेन्सची नजर ५० सेंमीपर्यंत पोचते, आपल्याला ४० हवेत, काम झालं. +३ लावली तर ३३ सेंमीच्या पुढचं धूसर, म्हणजे जवळचा मासा मस्त आणि मागचे खडक कायमचे गेले, वाचायचा चष्मा लावून बसची पाटी बघण्यातला प्रकार. ५ सेंमी त्रिज्येच्या छोट्या डोमला मात्र +४ पण चालते, कारण तिथे सगळंच लेन्सपासून २० सेंमीच्या आत येतं.

फिशआय (एकदम रुंद, गोलसर दृश्य टिपणारी लेन्स) वाल्यांना ही कटकट नाही, त्या लेन्स मुळातच खूप जवळ फोकस होतात. बाकी फोटोचे कोपरे मऊ, म्हणजे जरा धूसर येणारच, कारण प्रतिमा स्वतःच वाकलेली असते, त्यासाठी लेन्सचं छिद्र लहान करून एफ/८ नाहीतर एफ/११ ला जा.

खरी गंमत अर्ध्या-अर्ध्या फोटोत. मालवणला वर सिंधुदुर्ग किल्ला आणि खाली पाण्यातले मासे असा फोटो काढायचा असेल तर किल्ला खऱ्या अंतरावर आणि मासे फूटपट्टीत, पूर्ण क्लोज-अप लेन्स लावली तर किल्लाच जातो. म्हणून काही जण अर्धीच कापलेली लेन्स खालच्या बाजूला लावतात, बायफोकल चष्मा असतो ना, तस्साच.